अठरा पदे आणि एक फुंकर

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. शाळेतला फळा नव्हे. फळ्यावरचे चुकले तर पुसता येते. मी लहान मुलांच्या दवाखान्यातला पदांचा तक्ता आहे. पहिल्या मजल्यावर जिना संपतो तिथे, कार्यालयाचे दार आणि सुई टोचायच्या खोलीचे दार यांच्या मधल्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझ्या एका कानाला कागदांची सळसळ ऐकू येते आणि दुसऱ्या कानाला रडणे. इतक्या वर्षांत या दोन कानांचा ताळमेळ मला एकदाही लावता आलेला नाही.

दवाखाना नवा होता तेव्हा यंत्रे ज्या लाकडी खोक्यांतून आली, त्यांच्या फळ्या उरल्या होत्या. सुताराने त्या रंधल्या, जोडल्या आणि माझी चौकट उभी केली. मग रंगारी आला. तीन दिवस स्टुलावर बसून त्याने तेलरंगात अठरा पदे लिहिली. सर्वांत वर अधीक्षक, मग बालरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, मेट्रन, परिचारिका, औषधनिर्माता, असे उतरत उतरत लिपिक, भांडारपाल, स्वयंपाकी, कक्षसेवक, आया, सफाई कामगार आणि तळाला पहारेकरी. प्रत्येक पदापुढे खाचा, आणि खाचेत सरकवायची पत्र्याची पट्टी. पट्टीवर माणसाचे नाव. पद रंगाने लिहायचे, माणूस पट्टीवर. म्हणजे माणूस गेला की पट्टी ओढली, काम झाले. रिकाम्या खाचेत घालायला लाल पट्ट्या करून ठेवल्या होत्या. त्यांवर एकच शब्द होता, रिक्त. एकूण चौसष्ट खाचा. पहारेकऱ्याच्या खाली सुताराने बोटभरही जागा सोडली नाही. दवाखान्यात याहून जास्त काम निघेल असे त्याला कुणी सांगितले नव्हते.

सुरुवातीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. नव्याने रुजू झालेला माणूस नेमणुकीचे पत्र खिशात घालून यायचा, पाण्याचा नळ शोधतोय असे दाखवायचा आणि तिरक्या नजरेने माझ्यावर आपले नाव शोधायचा. एक भूलतज्ज्ञ आपली पट्टी रोज करंगळीने सरळ करायचे. ती सरळच असायची. भांडारपालाने लिपिकापेक्षा आपली अक्षरे बारीक आहेत म्हणून फूटपट्टी आणून मोजमाप घेतले आणि पट्टी दोनदा रंगवून घेतली. एका शल्यचिकित्सकांची पट्टी तीन वर्षे चकचकीत होती, पण ते स्वतः मला चार वेळाच दिसले. माझा हिशोब पट्टीचा. माझ्या लेखी ते रोज हजर होते.

आईबाप पाळीची वाट बघत बसले की मुलांना माझ्यासमोर उभे करायचे. मोठेपणी यातला कोण होणार, असे विचारायचे. मुले बहुतेक पहारेकरी निवडत, कारण त्याच्याकडे शिट्टी होती. एका मुलीने अधीक्षक निवडले. आईचा चेहरा फुलला. मग मुलीने कारण सांगितले, तिथपर्यंत कुणाचा हात पोचत नाही म्हणून.

मग लाल पट्ट्या सुरू झाल्या. कुणी निवृत्त झाले, कुणी दुसरीकडे गेले. जागा भरायची परवानगी काही येईना. एक, तीन, सात, करत करत एकोणीस खाचा लाल झाल्या. मेट्रनबाई एकदा माझ्यासमोर थांबून म्हणाल्या की मुलांचा गोवर आठवड्यात उतरतो, याचा उतरायचे नाव घेत नाही. त्यांना हसण्याचा हक्क होता. एकोणिसांपैकी नऊ पट्ट्या परिचारिकांच्या होत्या आणि त्या नऊ जणींचे काम उरलेल्या जणी ओढत होत्या.

आता जिची पट्टी माझ्यावर कधीच नव्हती, तिच्याविषयी सांगतो.

ती बदली कामगार होती. म्हणजे कायम कामगारांपैकी कुणी रजेवर गेले, तर त्या दिवसापुरते तिने यायचे. रोज सकाळी कार्यालयातले भाऊसाहेब तिला चिठ्ठी द्यायचे, अमुक आयाच्या बदली, तमुक सफाई कामगाराच्या बदली. कुणी ना कुणी रोज रजेवर असायचेच, त्यामुळे ती चौदा वर्षे रोज आली. चौदा वर्षे ती रोज दुसरीच कुणीतरी होती. बदलीला पट्टी नसते, असा नियम.

मुले तिला फुंकरमावशी म्हणत. त्याचे असे झाले. सुईच्या खोलीत रक्त घेणारा तंत्रज्ञ होता, त्याला मुलांनी डास असे नाव ठेवले होते आणि मोठी माणसेही त्याला डासदादा म्हणू लागली होती. माणूस हाताचा हलका, पण मूल हलले की शीर हुकायची. एकदा मावशी तिथे फरशी पुसत होती आणि एक मूल टेबलाखाली जाऊन बसले होते. आई, परिचारिका, डासदादा असे तिघेजण त्याला ओढत होते. मावशीने फडके खाली ठेवले आणि स्वतःही टेबलाखाली जाऊन बसली. काय बोलली ते मला नीट ऐकू आले नाही. पण थोड्या वेळाने दोघे बाहेर आले, मूल तिच्या मांडीवर आडवे बसले, तिने त्याला कागदाच्या कपट्यावर फुंकर मारायला लावली, आणि तिसऱ्या फुंकरीला डासदादाचे काम झालेले होते.

त्या दिवसापासून चिठ्ठीवर काहीही लिहिलेले असो, सकाळच्या वेळी ती त्या खोलीत असायची. डासदादा उघडच सांगायचा की मावशी असली तर एक टोच आणि नसली तर तीन. मावशी फरशीही पुसायची, मुलेही धरायची. कुणी तिला थांबवले नाही. फुकट होणाऱ्या कामाला कार्यालय सहसा हरकत घेत नाही.

एके दिवशी वरून पत्र आले. दवाखान्यात नवे पद मंजूर झाले होते, बालधीर सहायक. तपासणीच्या आणि सुईच्या वेळी मुलांना धीर देणारे माणूस. एक जागा, कायम. अधीक्षकसाहेबांनी मेट्रनबाईंना बोलावून विचारले की ही कल्पना कुणाची, तेव्हा कळले की मागे पाहणीला आलेल्या कुणा मोठ्या डॉक्टरांनी मावशीचे काम पाहून अहवालात लिहिले होते. पत्रात अट एकच होती. पदाची कर्तव्ये आणि पात्रता लिहून आठवड्याच्या आत जाहिरात काढायची, नाहीतर मंजुरी रद्द.

कर्तव्ये कुणालाच माहीत नव्हती. मेट्रनबाईंनी भाऊसाहेबांना मावशीकडे धाडले.

माझ्या खाली एक बाक आहे. त्या बाकावर दोघे बसले. मावशी सांगत होती आणि भाऊसाहेब लिहीत होते. भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते, हे मला इथे नोंदवले पाहिजे. त्यांची नात याच दवाखान्यात बरी झाली होती आणि मावशीविषयी त्यांना माया होती. पण त्यांच्या पेनातून माणसाची भाषा बाहेर पडत नसे. मावशी म्हणाली की धरण्याआधी मी हात काखेत घालून गरम करते. त्यांनी लिहिले, हाताचे तापमान योग्य राखणे. मावशी म्हणाली की आईला दाराआड घालवायचे नाही, मुलाला दिसेल अशी उभी करायची. त्यांनी लिहिले, पालकांची दृश्य उपस्थिती सुनिश्चित करणे. डावा हात की उजवा ते मुलाला ठरवू द्यायचे, हे वाक्य लिहायला त्यांना तीन प्रयत्न लागले.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," मावशी म्हणाली, "दुखणार नाही असं कधी सांगायचं नाही."

"का? तेवढाच धीर येतो पोरांना."

"येतो की. पण सुई टोचेपर्यंतच. पुढच्या वेळी ते पोर तुमचं काहीच ऐकत नाही. दुखेल म्हणायचं, आणि किती वेळ दुखेल ते सांगायचं. तीन फुंकरा."

भाऊसाहेबांनी पेन थांबवले, तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि लिहिले, रुग्णास वस्तुस्थितीची पूर्वकल्पना देणे.

असे अकरा मुद्दे झाले. दोघेही खूश होते. मावशीने तर विचारलेही की ही जागा कायमची का, आणि भाऊसाहेब म्हणाले, कायमची, पट्टीसकट. ती हसली आणि बादली आत ठेवायला उठली. टपाल पाचला जायचे होते आणि पावणेपाच झाले होते. कागदावर एकच रकाना उरला होता, पात्रतेचा. भाऊसाहेबांनी बोट ओले केले, समाजसेवक पदाची जुनी फाईल उघडली आणि तिच्यातली पात्रता जशीच्या तशी उतरवली. कोणत्याही शाखेची पदवी, वय पस्तीसपर्यंत, संगणकाचे प्रमाणपत्र. वीस वर्षे ते असेच करत आले होते. कर्तव्ये विचारून लिहायची, पात्रता मागची बघून लिहायची. बादलीचा आवाज अजून येत होता. त्यांनी मान वर केली असती तरी पुरे होते.

जाहिरात माझ्या चौकटीलाच टाचली. संध्याकाळी मावशीची दहावीतली लेक आईला न्यायला आली, तेव्हा मावशीने तिला ती वाचायला लावली. पोरीने कर्तव्ये वाचली, पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, आणि म्हणाली, "आई, हे तर सगळं तुझंच लिहिलंय गं." मावशी पिशवी काखेत धरून ऐकत होती. ही सरकारी भाषा आपल्याच तोंडची आहे हे ओळखून मधूनमधून मान डोलवत होती. मग पोरगी पात्रतेच्या ओळीवर अडली.

"वाच ना. थांबलीस का?"

"पदवी मागितलीय."

मावशी सातवीपर्यंत शिकली होती. तिने पोरीला आणखी एकदा वाचायला लावले. छापलेले बदलले नाही.

दुसऱ्या दिवशी ती भाऊसाहेबांकडे गेली. त्यांना आपली चूक तिथे, त्या खुर्चीत कळली. त्यांनी कपाळाला हात लावला, हे मी दारातून पाहिले. पण जाहिरात सुटली होती. आता तिच्यातला एक शब्द हलवायचा तरी वर लिहावे लागणार होते. मेट्रनबाई अधीक्षकसाहेबांकडे भांडायला गेल्या. साहेबांचेही म्हणणे ऐकण्यासारखे होते. पुन्हा वर पाठवले तर मुदत उलटेल आणि पद जाईल. मग ना मावशीला, ना मुलांना. बाहेर आल्यावर मेट्रनबाईंनी मावशीला सगळे जसेच्या तसे सांगितले आणि तरीही अर्ज कर म्हणाल्या. अर्ज आला तर बोलायला जागा राहते.

मावशीने अर्ज केला. लेकीने तो चांगल्या अक्षरात लिहिला. अनुभवाच्या रकान्यात तिने चौदा वर्षे असे लिहिले होते. कार्यालयाने ते खोडले, कारण कागदोपत्री चौदा वर्षांत ती एकही दिवस स्वतः म्हणून कामावर नव्हती. दोनशे तेरा अर्ज आले. छाननीची यादी मलाच टाचली. सात नंबरला मावशीचे नाव होते आणि त्यापुढे शेरा, अपात्र. मित्रांनो, चौदा वर्षांत तिचे नाव माझ्या अंगावर लागले ते एकदाच.

मुलाखतीला प्रात्यक्षिकही होते. उमेदवाराने मूल धरून दाखवायचे. पण मूल नीट धरले की नाही हे तपासणार कोण? खुर्च्यांवर बसलेल्या तिघांनी आयुष्यात सुई टोचली होती, मूल धरले नव्हते. शेवटी मावशीला बोलावले. खुर्च्या तीनच होत्या, म्हणून ती दाराशी उभी राहिली. बारा पदवीधर आले. अकरा जणांनी मुलाला सांगितले की बाळा, काही दुखणार नाही. बारावी मुलगी जरा घाबरट होती, पण मुलाने दुखेल का विचारल्यावर ती म्हणाली की हो, थोडं दुखेल, मलाही दुखायचं.

साहेबांनी मावशीकडे पाहिले. तिने कुणाचेच नाव घेतले नसते, सगळ्यांना नापास केले असते, तर पद वर्षभर लोंबकळले असते. वर्षभरात काहीही होऊ शकते. हे तिला कळत होते. चौदा वर्षे कार्यालयाच्या दाराशी काढलेल्या बाईला एवढे कळते.

"ही शेवटची," मावशी म्हणाली. "हिला येईल."

रंगाऱ्याला बोलावून माझ्या तळाच्या चौकटीवर, जिथे सुताराने जागा सोडली नव्हती तिथे, पद बारीक अक्षरांत कोंबले. खाच बसेना, म्हणून नव्या ताईची पट्टी खिळ्याने ठोकली. नवी ताई सालस होती. दुपारी बाकावर मावशीशेजारी बसून शिकून घ्यायची आणि तिला मॅडम म्हणायची. मावशी म्हणायची, अगं मॅडम तू. पण महिन्याभरात सूचना निघाली की नेमणूक नसलेल्या व्यक्तीने सुईच्या खोलीत मुलांना हाताळू नये. खाली सही भाऊसाहेबांची नव्हती, पण भाषा त्यांची होती. मावशी पुन्हा फक्त फरशीवर आली. आत मूल रडू लागले की तिचा हात फरशीवर थांबायचा आणि रडणे थांबले की पुन्हा चालू व्हायचा. माझ्याखालची फरशी त्या दिवसांत फार स्वच्छ असायची.

नव्या ताईला आठव्या महिन्यात दुसरीकडे, घराजवळ आणि जास्त पगाराची जागा मिळाली. ती रडत गेली. तिला मी दोष देत नाही. पदवी असलेल्या माणसाला जायला जागा असते. पट्टी उचकटून तिथे लाल पट्टी ठोकली. माझी विसावी.

मागच्या सोमवारची गोष्ट. सकाळी सुईच्या खोलीत चार वर्षांचे मूल होते. पहिली टोच हुकली, दुसरी हुकली. डासदादा दारात येऊन नुसता उभा राहिला. भाऊसाहेब कार्यालयातून बाहेर आले. मावशी फरशी पुसत होती.

"मावशी, तेवढं जरा आत जाता का?"

ती उभी राहिली. "जाते. चिठ्ठी द्या."

"दिलीय की सकाळी. आयाच्या बदली."

"आया फरशी पुसते. आतल्या कामाची द्या. बालधीर सहायकाच्या बदली, असं लिहा."

भाऊसाहेबांचा आवाज खाली आला. "तसं लिहिलं तर वरून पहिलं विचारतील, हिची पदवी कुठाय."

"म्हणजे लिहिता येत नाही."

"नाही येत."

"मग मला जाताही येत नाही. सूचना तुम्हीच लावलीय."

सगळी मार्गिका थांबली. मेट्रनबाई जिन्यात होत्या, त्या तिथेच राहिल्या. चौदा वर्षांत ती पहिल्यांदा नाही म्हणाली होती आणि तिचे म्हणणे कागदावर शंभर टक्के बरोबर होते. मला वाटले, आता काहीतरी होणार. कुणीतरी वर जाईल, कुणीतरी लिहील. भाऊसाहेबांच्या खिशात पेन होते. ते पेनाकडे बघत नव्हते. ते, मेट्रनबाई, डासदादा, सगळे तिच्याकडे बघत होते आणि वाट पाहत होते. आत ते मूल आईला हाक मारत होते, कारण आईला कुणीतरी दाराआड उभे केले होते.

मावशीने फडके बादलीत टाकले, हात धुतले, आईला दंडाला धरून आत घेतले आणि दार लोटले.

थोड्या वेळाने रडणे थांबले. भाऊसाहेबांनी श्वास सोडला आणि खुर्चीवर जाऊन बसले. चिठ्ठी कुणीच लिहिली नाही. ती जाईल हे त्यांना ठाऊक होते. मेट्रनबाईंना ठाऊक होते, अधीक्षकसाहेबांना ठाऊक होते. मलासुद्धा होते. इतकी वर्षे मी समजत होतो की हा दवाखाना माझ्यावरच्या चौसष्ट खाचांवर चालतो. तो ती आत जाईल या खात्रीवर चालतो, आणि त्या खात्रीची पट्टी करायची पद्धत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी तुमच्याकडे काही मागायचे असते. धूळ पुसा, रंग द्या, अडगळीत टाकू नका, असे. मला त्यातले काही नको. तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्यातले कुणीतरी नक्की भाऊसाहेबांच्या खुर्चीत बसेल. समोर काम सांगणारे माणूस बसलेले असेल. त्याचे अकरा मुद्दे लिहून झाले की लगेच जुनी फाईल ओढू नका. मान वर करा, आणि ते माणूस उठून जायच्या आत त्याला विचारा, तुम्ही किती शिकला आहात. मग पुढची ओळ लिहा. एवढेच करा, पण जरा लवकर मोठे व्हा. त्या पदाची जाहिरात काल पुन्हा माझ्या चौकटीला टाचली आहे, पात्रता तीच आहे आणि अर्जाची शेवटची तारीख महिनाअखेर आहे.